खाज शंभूची, आळ पोळीवर

पत्र असं आहे:

"डॉक्टर, आमचा शंभू गोल्डन रिट्रीव्हर, साडेचार वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन ३९ किलो. मागच्या पावसाळ्यात पंजे चाटायला लागला, कान खाजवून खाजवून लाल केले. दिवाळीनंतर आपोआप बरंच कमी झालं. यंदा जुलै लागला आणि पुन्हा सुरू. त्याला नेहमीचं चिकनचं ड्राय फूड दोन वेळा देतो. शिवाय सासूबाई सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पोळ्या दुधात कुस्करून देतात, दिवसाचं अर्धा लिटर दूध त्यातच जातं. दुकानदार म्हणाला की ही धान्याची अ‍ॅलर्जी आहे, कुत्रा मुळात लांडगा, त्याला गहू-तांदूळ पचत नाही, ग्रेन-फ्री सुरू करा. मिस्टरांनी लगेच बारा किलोची पिशवी आणली, चिकन आणि वाटाण्याची. सासूबाई म्हणतात, 'आमच्या काटोलले वावरात चार कुत्रे होते बाप्पा, भाकरीवरच जगले सारे. कोनाले अ‍ॅलर्जी झाली?' घरात दोन पक्ष पडले आहेत. अमरावतीच्या माझ्या बहिणीचा डॉबरमन दोन वर्षांपासून ग्रेन-फ्रीवर आहे आणि छान आहे म्हणते. आम्ही द्यायचं का? द्यायचं तर एकदम बदलायचं की हळूहळू? — एक वाचक, प्रतापनगर, नागपूर"

ताई, पिशवी फोडली नसेल तर फोडू नका. बिलासकट दुकानदाराकडे परत जात असेल तर आजच पाठवा. कारण सांगते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: दिवाळीनंतर आपोआप कमी झालं. त्या काळात शंभूचं खाणं बदललं होतं का? नाही. तेच ड्राय फूडचे दाणे, तीच दूध-पोळी. खाण्याची अ‍ॅलर्जी पंचांग बघून येत नाही. रोज पोळी खाणाऱ्या कुत्र्याला पोळीची अ‍ॅलर्जी असेल तर तो पौषातही खाजवेल आणि चैत्रातही. पावसाबरोबर येणारी आणि थंडीबरोबर जाणारी खाज म्हटली की आधी बाहेर बघायचं: गवत, परागकण, बुरशी, पिसवा, गोचीड, पंजांच्या बेचक्यात राहणारा ओलावा. जुलै ते ऑक्टोबर नागपुरात मोकळा प्लॉट दिसला की त्यात कमरेएवढं गाजर गवत उभं असतं. शंभू रोज फिरायला जातो तो रस्ता एकदा त्या नजरेने बघा. हवेतल्या किंवा गवतातल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी कुत्र्यांमध्ये बहुधा एक ते तीन वर्षांच्या वयात डोकं वर काढते, आणि गोल्डन ही जात त्यात पुढेच असते. शंभूला ती साडेतीनाव्या वर्षी सुरू झाली, म्हणजे फार उशिरा नाही. दरवर्षी ती थोडी थोडी लांबत जाते, हेही ध्यानात ठेवा.

दोन्ही अ‍ॅलर्जी एकाच कुत्र्याला असू शकतात, ते मी नाकारत नाही. पण तपासाला क्रम असतो आणि तो खाण्यापासून सुरू होत नाही.

आज संध्याकाळी एक करा. शंभूला उजेडात उभं करा आणि शेपटीच्या बुडाशी केस उलटे फिरवून कातडी बघा. काळ्या मिरीच्या भुकटीसारखे बारीक कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवा. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे. त्यातलं रक्त विरघळून रंग सोडतं. पिसू स्वतः दिसायलाच हवी असं नाही. ज्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे त्याला दोन-चार चावेही पुरतात. मग पंजे बघा. बोटांमधले केस गंजासारखे लालसर झाले असतील तर तो लाळेचा रंग आहे, म्हणजे तो तुमच्या नजरेआडही बराच वेळ चाटतोय. बेचक्यात चिकट, तेलकट थर आणि आंबूस वास असेल तर तिथे यीस्ट नावाच्या बुरशीने ठाण मांडलंय. कानाच्या आत नाक नेऊन वास घ्या, लाजू नका. निरोगी कानाला फारसा वास नसतो.

पावसाळ्यात माझ्याकडे खाजेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांच्या कानात किंवा पंजात यीस्ट नाहीतर जिवाणूंचा संसर्ग सापडतोच. मूळ अ‍ॅलर्जी कशाचीही असो, त्यावर चढलेला हा संसर्ग स्वतंत्रपणे खाज देत राहतो आणि तो खाणं बदलून जात नाही. तुमच्या डॉक्टरांना पंजावर सेलोटेप दाबून नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. पिसवा-गोचिडांसाठी हल्ली चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर पुरतात, काही त्याहून जास्त. शंभूच्या वजनाची कोणती ते डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे ती बाराही महिने चालू ठेवायची. गोचिडतापाने प्लेटलेट्स घसरलेला कुत्रा एकदा बघितला की माणूस हा खर्च टाळत नाही. बाहेरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधून कोरडे पुसा. कोरडे पुसायला लोक विसरतात आणि मग धुणंच अंगाशी येतं. घरातल्या माणसांची मलमं लावू नका, ती शंभूच्या पोटात जातील.

एवढं तीन-चार आठवडे नीट केलं आणि खाज निम्म्याहून खाली आली, तर तुमच्या घरातलं भांडण तिथेच मिटेल. खाज तरीही राहिली तर स्टेरॉइडखेरीज इतरही औषधं आहेत, त्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता धान्याचं. लांडग्याचं म्हणणं दुकानात फार चालतं, कारण ऐकायला पटतं. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरंच आहे. पण माणसाच्या दाराशी राहता राहता त्याचं पोट बदललं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना 'नेचर' या नियतकालिकात छापली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. शिजवलेला भात किंवा भाजलेली पोळी शंभूला पचते. तिथे सासूबाई बरोबर आहेत.

अ‍ॅलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट, तिचा पचनाशी संबंध नाही. ती प्रामुख्याने प्रथिनांची असते. खाण्याची अ‍ॅलर्जी पक्की सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा आला. त्यात गोमांस ३४ टक्के कुत्र्यांना बाधलं होतं, दूध-दुभतं १७ टक्क्यांना, चिकन १५ टक्क्यांना, गहू १३ टक्क्यांना आणि तांदूळ जेमतेम २ टक्क्यांना. या नोंदी बहुतांश परदेशातल्या, तिथल्या कुत्र्यांच्या खाण्यात गोमांस फार. आपल्याकडे तो आकडा तसाच लावायचा नाही. शरीर ज्या प्रथिनाला रोज भेटतं त्यावरच बहुधा उलटतं. शंभू रोज काय खातो? चिकन, दूध, गहू. गहू निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण रांगेत तो तिसरा उभा आहे.

आणि तुमच्या नव्या पिशवीवर काय लिहिलंय? चिकन आणि वाटाणा. म्हणजे ज्याच्यावर जास्त संशय घ्यावा ते चिकन तसंच राहिलं, दूध तर पिशवीबाहेरच आहे. शंभूला समजा चिकनची अ‍ॅलर्जी असेल तर हे महागडं खाद्य खाऊनही तो तितकाच खाजवेल. आणि गवताची असेल तर? सप्टेंबरात सुरू केलेलं ग्रेन-फ्री नोव्हेंबरात 'लागू पडेल', कारण नोव्हेंबरात ते तसंही कमी होणारच होतं. दुकानदार फसवतोय असं नाही, त्याच्याही डोळ्यांनी त्याने असे दहा कुत्रे बरे होताना पाहिलेले असतात. डॉक्टर, घर आणि गाव एकाच आठवड्यात बदलायचं आणि मग ताप कशाने उतरला ते विचारायचं, तसा हा प्रकार आहे.

ग्रेन-फ्री म्हणजे पिष्ट नाही, असंही बरेच जण धरून चालतात. ड्राय फूडचा दाणा दाण्याच्या आकारात राहायला त्यात पिष्ट लागतंच. गहू-तांदूळ काढले की त्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा नाहीतर साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओका येतो. पिशवीवरची प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि राख यांचे टक्के बेरीज करून शंभरातून वजा करा, उरतं ते साधारणपणे कर्बोदक. २६ टक्के प्रथिनं, १४ टक्के फॅट असलेल्या पिशवीत हा हिशेब सहज ३८-४० च्या आसपास जातो. घटकांची यादीही नीट वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताजं चिकन पाण्यासकट मोजलं जातं, म्हणून पहिलं येतं. त्याच्या खाली वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा तंतू, वाटाण्याचं स्टार्च असे चार तुकडे करून लिहिलेले असतील तर ते एकत्र करून बघा, पहिला नंबर कोणाचा लागतो ते कळेल.

हे वाटाणा-मसूरच मला गोल्डनच्या बाबतीत खटकतं. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जाहीर केलं की काही विशिष्ट खाद्यांचा आणि कुत्र्यांतल्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे डीसीएमचा, संबंध आहे का ते आम्ही तपासतोय. या आजारात हृदयाचे कप्पे फुगतात, भिंती पातळ होतात आणि रक्त ढकलण्याची ताकद कमी होते. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातल्या ५१५ कुत्र्यांच्या नोंदी त्यांनी पुढच्या वर्षी मांडल्या. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त खाद्यं ग्रेन-फ्री होती, आणि ९३ टक्क्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर किंवा दोन्ही होते. जातीनिहाय यादीत सर्वात वर गोल्डन रिट्रीव्हर होता, ९५ नोंदी.

हे आकडे वाचून घाबरायचं नाही, आणि झटकायचंही नाही. या नोंदी मालकांनी आणि डॉक्टरांनी स्वतःहून कळवलेल्या आहेत. गोल्डन मुळातच तिकडे भरपूर, आणि गोल्डनवाले आपसात बोलतात, कळवतात, त्यामुळे तो आकडा फुगलेला असू शकतो. नोव्हेंबर २०२२ पर्यंत नोंदी १३८२ झाल्या आणि त्याच डिसेंबरात एफडीएने सांगितलं की एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, अर्थपूर्ण नवीन माहिती हाती येईपर्यंत आम्ही यावर आणखी काही प्रसिद्ध करणार नाही. टॉरिन हे हृदयाला लागणारं अमिनो आम्ल कमी पडतं का, कडधान्यांतलं काही आड येतं का, की जातीचा स्वभावच तसा, यावर संशोधकांचं एकमत नाही. काही कुत्र्यांत खाद्य बदलल्यावर हृदय सुधारलं, हेही नोंदलेलं आहे. या सगळ्यातून माझ्यासारखीने घ्यायचं ते एवढंच: ज्या खाद्याचा शंभूला फायदा दिसत नाही, ते त्याच्याच जातीचं नाव यादीत वर असताना का द्यायचं? डॉक्टरांनी कारण सांगून दिलं तर गोष्ट वेगळी. नुसत्या संशयावर नको.

गव्हावरच संशय असेल तर गहू नसलेलं, तांदळाचं खाद्य घ्या. गहू टाळायला सगळीच धान्यं सोडावी लागत नाहीत, हे दुकानात कोणी सांगत नाही.

खाण्याचीच अ‍ॅलर्जी आहे का हे खरंच शोधायचं असेल तर त्याचा रस्ता एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या नावाने ऑनलाइन जी किट विकतात त्यांवर पैसे घालू नका, खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी ती भरवशाची नाहीत. आठ आठवडे शंभूने असं प्रथिन खायचं जे त्याने आजवर खाल्लेलं नाही, किंवा ज्यातली प्रथिनं बारीक तोडलेली असतात असं हायड्रोलाइज्ड खाद्य, जे डॉक्टरांकडून मिळतं. तुमच्याकडे रविवारी मटण होत असेल आणि हाडाबरोबर शंभूचाही वाटा निघत असेल, तर मटण त्याच्यासाठी नवीन नाही. मासे कधीच खाल्ले नसतील तर काटे काढलेला रोहू आणि भात किंवा रताळं असा बेत होऊ शकतो, पण तो या आठ आठवड्यांपुरताच. असं घरचं जेवण कायम द्यायचं तर त्यात कॅल्शियमसकट बऱ्याच गोष्टी मोजून घालाव्या लागतात. या काळात बिस्कीट नाही, चिकनच्या वासाची चघळायची हाडं नाहीत, पोळीचा तुकडा नाही, मुलांच्या ताटाखाली बसणं नाही. औषधाची गोळीही मांसाच्या स्वादाची नको, तेव्हा पिसवांसाठी अंगावर सोडायचे थेंब वापरा. आठ आठवड्यांनी खाज गेली तर आनंद साजरा करायच्या आधी जुनं खाद्य पुन्हा द्या. दोन आठवड्यांच्या आत खाज परत आली, तरच निदान पक्कं. ही शेवटची पायरी जवळपास सगळे गाळतात. बरा झालेला कुत्रा पुन्हा खाजवावा असं कोणाला वाटेल? पण तिच्याशिवाय सगळी मेहनत तर्कातच राहते.

शंभूसाठी ही चाचणी आत्ता करू नका. पावसाळ्यात केलीत तर थंडी लागल्यावर खाज कशाने गेली ते कळणार नाही. जानेवारीतही तो खाजवत असेल, तेव्हा करू.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. ३९ किलो. नर गोल्डन ३० ते ३४ च्या दरम्यान शोभतो. वरून बघितलं तर कंबर दिसते का? फासळ्यांवर हलका हात फिरवला तर हाताला लागतात का? बहुधा नाही. ३२ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला १३०० ते १५०० कॅलरी लागतात. तूप-तेल लावलेल्या चार पोळ्या आणि अर्धा लिटर दूध यांच्याच सव्वासातशे-साडेसातशे होतात. म्हणजे निम्मं जेवण सासूबाईंच्या हातून आणि वर दोन वेळचे दाणे तुमच्या हातून. पूर्ण आहार म्हणून बनवलेल्या खाद्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं एका प्रमाणात घातलेली असतात. वरचं खाणं एकूण कॅलरीच्या दहाव्या हिश्शापलीकडे गेलं की ते प्रमाण मोडतं.

त्यामुळे सासूबाईंना दूध तेवढं बंद करायला सांगा. त्याने गॅस आणि पातळ शी होते हे एक, आणि अ‍ॅलर्जीच्या यादीत ते दुसऱ्या नंबरला आहे हे दुसरं. पोळी दिवसाला एक, कोरडी, तूप न लावता. शंभूला आईंच्या हातचं खायची सवय आहे, ती मोडू नका. उलट सकाळचे मोजलेले दाणे त्यांच्याच हातून जाऊ द्या, आणि ज्या वेळी पोळी नाही त्या वेळी उकडलेला दुधी, दोडका किंवा कच्चं गाजर. दाण्यांच्या पिशवीवर शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते बघा. ३६० असतील तर एका पोळीसह शंभूला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम पुरे. वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. महिनाभराने वजन करा. काटोलच्या कुत्र्यांबद्दल आईंशी वाद घालू नका. ती दिवसभर वावरात धावत होती, भाकरीशिवाय आणखी काय काय मारून खात होती ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि किती वर्षं जगली तेही नाही. पण कांद्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा. सकाळचे कांदेपोहे, सावजीचा रस्सा, कांद्याची भजी यातलं काहीही शंभूला नाही, थोडंही नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुकाही नकोत. संत्र्याच्या दोन फोडी, बिया काढून, चालतील. नागपूरच्या कुत्र्याला एवढी सूट हवीच.

हळूहळू की एकदम, याचं उत्तर: कधीही, कुठलंही खाद्य बदलायचं झालं तरी हळूहळू. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, पाऊण जुनं. मग तितकेच दिवस निम्मं-निम्मं. मग पाऊण नवीन. दहाव्या दिवशी पूर्ण. शी पातळ झाली तर पुढे जाऊ नका, आधीच्या पायरीवर दोन दिवस थांबा. उलट्या, शीमध्ये रक्त, किंवा एक दिवसाहून जास्त वेळ अन्न नाकारणं, यात वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. आणि पिसवांची गोळी, नवीन शाम्पू, नवीन खाद्य असं सगळं एका आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

बारा किलोची पिशवी हाही नागपुरात वाईट सौदा. शंभूला ती पाच आठवडे पुरेल, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेल्या गच्चीखालच्या माळ्यावर पाच आठवडे म्हणजे त्यातली चरबी खवट होणारच. पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते. शिवाय साठवलेल्या खाद्यात होणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडे अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्याची खाज वाढवतात, म्हणजे धान्य काढून टाकूनही पिशवीच खाजेचं कारण होऊ शकते. तीन-चार किलोची घ्या. दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका. पिशवी तशीच गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते. डबा रिकामा झाला की धुऊन उन्हात वाळवून मग नवी पिशवी. दुकानात सुटं, किलोवर तोलून मिळतं ते घेऊच नका. पिशवीवर 'संपूर्ण व संतुलित आहार' आणि कोणत्या वयासाठी ते लिहिलेलं हवं. नुसतं 'पूरक' असेल तर ते जेवण नाही, खाऊ आहे.

राहिली बहीण. तिच्या डॉबरमनची मला शंभूपेक्षा जास्त काळजी आहे. ही जात डीसीएमसाठी आनुवंशिकतेनेच बदनाम आहे, खाद्य कोणतंही असो. बरेच डॉबरमन शेवटपर्यंत छानच दिसतात आणि मग एक दिवस अचानक कोसळतात. त्यामुळे 'छान आहे' या शब्दावर जाऊ नका. तो गाढ झोपला असताना तिने मिनिटभर छातीचे उठाव मोजावेत, सलग चार-पाच दिवस, आणि लिहून ठेवावेत. मिनिटाला तीसच्या वर जात असेल, खोकला असेल, नेहमीच्या फिरण्यात मध्येच बसत असेल, किंवा एकदाही भोवळ येऊन पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. यातलं काही नसेल तरी ग्रेन-फ्री देण्याचं वैद्यकीय कारण नसल्यास वर सांगितलं तसं दहा दिवसांत धान्य असलेल्या चांगल्या खाद्यावर आणावा, आणि महिन्याभरात हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावी. अमरावतीत सोय नसेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारावं. टॉरिनच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. इकोचा निकाल हातात आल्यावर डोस डॉक्टर ठरवतील. आणि जाताना सध्याच्या खाद्याची पिशवी बरोबर न्यावी, नुसतं नाव सांगून भागत नाही, घटकांची यादी बघावी लागते.